‘धुरा’मधल्या सोळा मात्रा

नाचणगाव,
ता. १४ नोव्हेंबर, शुक्रवार

चि. अंकित,

भागीरथाआजीचा आशीर्वाद. घ्याचा का नाई ते तुयं तू पाह्य. मी ठीक आहे. छाया ठीक आहे, सून असून ठीक आहे म्हणजे लय झालं. म्हैस आटली. तुयी आजी तानाबाई नालवाडीले तुयाजवळच असते असं ऐकलं, तिचा मोतीबिंदू काढला म्हणे. एका डोळ्याचा का दोन्ही, ते कळवजो. पत्र काऊन लिहून राह्यली ते खाली येईन. आधीच सांगतलं तं तू बाकीचं वाचणार नाई.

चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, वाचता आलं तं वाच. फोन करता आला असता, पण फोन बोललेलं धरून ठेवते म्हणतात. अन् मेसेज पाठवाचा तं छायाच्या हातून, म्हणजे घरापासून चौकापर्यंत सारे वाचतीन. पोस्टमनले विचारलं पाकीट वर्ध्याले किती दिवसात जाते, तं तो मायाकडं असं पाहून राह्यला जशी मी त्याची घोडागाडी मांगतली.

मागच्या रविवारी दारात दोन गाड्या थांबल्या. नऊ-दहा जण उतरले. मले वाटलं बियाणं कंपनीचे असन, नाईतर रस्त्याच्या मोजणीचे. काठी घेऊन दारापुढच्या सपरीत उभी राह्यली. पुढचा पांढऱ्या केसाचा माणूस आला अन् सरळ माया पाया पडला. अनोळखी माणूस पाया पडला का मले शंका येते. एक तं त्याले मत पाह्यजे असते, नाईतर सही.

पण त्यायले कापसाची खोली पाह्यजे होती.

मंग समजलं का हे तुमच्या बँडचं गाणं ऐकणारे लोक. ‘सरकी’चे. बँड मोडून पाच वर्षं झाले. आमचा धनंजय पुण्याले एकटाच गाते, तू नालवाडीले पोरायले ढोलकी शिकवतं, तो हिंगणघाटचा हरिदास, जाड तारायच्या गिटारीवाला, बँकेत लागला. मी म्हणलं संपलं. पण तुमच्या मांगं ह्या लोकायनं फोनवर मंडळ काढलं. चारशे माणसं आहेत म्हणे, अन् सकाळी उठल्यापासून भांडतात. कोणी मोठा होता अन् कोणी लहान, याच्यावर. त्यायच्या घरी गहू निवडायले नाई वाटते.

खोली तुले माहीत आहे. सात वर्षामांगं, ज्या साली भाव पडला अन् कापूस घरीच भरून ठेवला, त्या साली पौषात तुम्ही दोघं त्या कापसात बसून सात गाणे भरले. कापूस आवाज खाते, म्हणून भाड्याच्या खोलीपेक्षा हे बरं, असं धनंजयनं कुठीतरी वाचलतं. आता तिथी छायाची शिलाई मशीन अन् कांदे आहेत. पण त्या लोकायनं चपला बाहेर काढल्या. एकानं भिंतीले कान लावला. एकीनं टाळी वाजवून डोळे मिटले. मी मनात म्हणलं, यायले घरी कोणी विचारते का नाई.

मंग आंगणात चहा पिता पिता त्यायचं सुरू झालं. पांढऱ्या केसाचा तो प्रभाकरराव, वर्ध्याले शाळेत गाणं शिकवून रिटायर झाला. तो म्हणे, तुमच्या बँडनं फोक रॉक केलं. फोक म्हणजे मले एकच माहीत, निंबाचा, पाठीवर बसते तो. तो म्हणे, सरकीचा वारसा जपला पाह्यजे. मी विचारलं, बावा, वारसा म्हणजे शेत नाईतर घर. गाण्याचा वारसा तलाठी कोणाच्या नावावर चढवते? सारे हासले. तो नाई हासला. तो म्हणे, “त्याच्यावरच तं वाद आहे, आजी.”

वाद असा का बँड धनंजयचा होता का तुया. प्रभाकररावाच्या मतानं धनंजयचा. गळा त्याचा, चाली त्याच्या. ढोलकी कच्ची होती म्हणे. त्याच्यासमोर एक पोट्टी बसलती, समीक्षा नावाची, हिंगणघाटची, नर्सिंग शिकते. तिच्या जिभेले हाड नाई, मले आवडली. ती म्हणे, सर, तुम्ही ढोलकी काढून ते सात गाणे ऐका, तुमचा धनंजय भजनातला माणूस वाटन.

भांडण येऊन थांबलं तिसऱ्या गाण्यावर. ‘धुरा’वर. (दोन शेतायमधल्या धुऱ्यावर बसून कोणी गाणं म्हणत नाई, धुऱ्यावर माणसं फक्त भांडतात, हे मी तेव्हाही धनंजयले सांगतलतं.) त्या गाण्यात मधातच ढोलकी बंद पडते. सोळा मात्रा, असं ते म्हणतात. धनंजय एकटाच गाते. मंग ढोलकी परत येते, पण आवाज बदललेला. आधी पोटातून बोलल्यासारखी, मंग दगडावर बोलल्यासारखी. अर्धे म्हणतात ही अंकितची करामत आहे, कुठी वाजवू नाई हे कळणारा माणूस आहे तो. अर्धे म्हणतात चुकला. अन् प्रभाकररावानं खिशातून फोन काढून धनंजयची मुलाखत लावली. माया नातू खुर्चीवर टांग टाकून बसला अन् सांगून राह्यला, “तिथं अंकितचा हात थांबला. मी गाणं ओढून नेलं.”

प्रभाकरराव याचं पुस्तक छापते म्हणे, संक्रांतीले. त्याच्यात हे येईन, तुया नावासकट.

समीक्षा त्याले म्हणे, चुकलेला माणूस सोळा मात्रानं बरोबर समेवर कसा उतरन? तो म्हणे, ते मागून कॉम्प्युटरनं बसवलं असन. ती म्हणे, मंग आवाज काऊन बदलला? त्यानं चहात बिस्किट बुडवलं.

मंग तिनं मले विचारलं, आजी, त्या दिवशी तुम्ही घरी होत्या का?

मी सांगतलं, शेतात होती.

जाता जाता ती पोट्टी आणखी एक बोलली. म्हणे अंकितदादा वाजवताना आपला फोनही सुरू ठेवत होता, आपल्यासाठी. त्याच्यात मूळचं सारं असन. दहादा मांगतलं, तो देत नाई.

आता विचारते, अंकित. हे लोक तूच तं नाई पाठवले? अन् त्या फोनमध्ये काय आहे?

धनंजयची आजी


नाचणगाव,
ता. २ डिसेंबर, मंगळवार

चि. अंकित,

तुयं पत्र भेटलं. चार ओळी. वाचून झाल्या तरी मी कागद उलटून पाह्यला.

‘आजी, मी कोणालाही पाठवलं नाही. रेकॉर्डिंग माझ्याजवळ आहे. आजीचे दोन्ही डोळे झाले. तुमचे गुडघे कसे आहेत?’

गुडघ्याचं काऊन विचारलं? सात वर्षं नाई विचारलं. गुडघ्याचं विचारणारा माणूस मनात दुसरंच काही ठेवून असते, हे मी माया सासऱ्यापासून पाहून राह्यली. गुडघे दुखतात. झालं?

समीक्षाचा छायाच्या फोनवर फोन आलता. तुया क्लासातून दोन मायबापायनं आपले पोरं काढले म्हणे. धनंजयची ती मुलाखत पाहून. ज्याचा स्वतःचा हात थांबते तो आमच्या पोराले काय शिकवन, असं म्हणले. तू तानाबाईले सांगतलं नाई, अन् कोणालेच काही बोलला नाई. हे खरं आहे का? खरं असन तं तू काऊन बोलत नाई? तुयाजवळ ते आहे नं. एकदा लावलं का सारं मिटते. लोकायसमोर आपलं नाव खराब होऊन राह्यलं अन् माणूस चूप बसला, तं त्याले मोठा दिवस पाह्यजे असते, असं मले वाटते. मोठी बैठक. सारे जमले असतीन असा दिवस.

तो दिवस आला आहे, तुले माहीतच असन. २१ तारखेले, रविवारी, हे सारे माया आंगणात जमतीन. साठ-सत्तर माणसं. धनंजयनंच होकार दिला, पुण्यातून, मले न विचारता. तो येणार नाई. मंडपवाला विचारून गेला.

मी धनंजयले फोन केला. मी एवढंच विचारलं का बावा, त्या ‘धुरा’च्या दिवशीचं तुले काय आठवते? तो म्हणे, “आजी, तू यात पडू नको.”

पाह्य बरं. मी पडली कुठी होती? मी शेतात होती नं? मी विचारलं आठवते काय, तं आठवत नाई म्हणावं, नाईतर आठवते म्हणावं. पडू नको हे त्यालेच सांगतात जो आधीच पडला आहे. मी फोन ठेवला. तेव्हापासून मले त्याचाही भरवसा नाई.

बरं, आता मी सांगते. मले आठवते ते असं आहे. मी खोलीचं दार उघडलं. दाराजवळ तू बसलता, धनंजय पार तिकडच्या भिंतीजवळ डोळे मिटून गात होता, मधात छातीएवढा कापूस. तू एका गाठोड्यावर बसलता अन् ढोलकीखाली दुसरं घेतलतं. ते गाठोडे पह्यल्या वेच्याचे होते, सीतादहीचे. शेतात दहीभात शिंपडून, पूजा करून जो पह्यला कापूस वेचते बाई, तो देवाच्या वातीचा असते, विकत नाई. हे तुलेही माहीत, तुयी आजी माया संगच वेचायले राहे. मी गाठोडं मांगतलं. तू उतरला. मी घेऊन गेली. बस.

याच्यात बोलण्यासारखं काही नाई. कोणी आपल्या घरचं गाठोडं मांगतलं तं काय झालं? पण हे लोक असे आहेत का राईचा डोंगर करतीन. चारशे लोक, फोन हातात. माया दारातून पोट्टे फोटो काढत जातीन. धनंजयले कोणी गायले बोलावणार नाई. छाया आयुष्यभर मले ताट आपटून वाढन.

म्हणून सांगते, ते पुसून टाक. तुयं क्लासाचं मी पाहीन. प्रभाकररावाले मी सांगीन का पोराची तब्येत बरी नव्हती त्या दिवशी, ताप होता. मायं वय पाहून तो मानन. पुस्तकात ताप लिहू दे. तापानं हात थांबला तं कोणी नाव ठेवत नाई.

पुसलं का कळवजो.

भागीरथाआजी


नाचणगाव,
ता. २३ डिसेंबर, मंगळवार

अंकित,

तू कळवलं नाई. त्याच्या जागी रजिस्टर पाकीट आलं. आत फोनातलं नखाएवढं कार्ड अन् चिठ्ठी. ‘आजी, हे एकच आहे. याची कॉपी नाही. पुसायचं असेल तर तुम्हीच पुसा.’

माया पह्यला विचार काय आला ते सांगते. खोटं बोलून राह्यला. मी पुलगावले मोबाईलच्या दुकानात गेली अन् त्या पोट्ट्याले विचारलं का याच्यावरचं दुसरीकडं उतरवता येते का? तो म्हणे, आजी, हजार वेळा. मंग तं मी पक्कं धरलं का एक मले पाठवलं अन् नऊशे नव्याण्णव तुयाजवळ. दोन दिवस कार्ड पिठाच्या डब्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी मनात आलं का तू तं सात वर्षात एकदाही नाई लावलं. लावायचं असतं तं क्लासातून पोरं गेले तेव्हाच लावलं असतं. ज्याले काही करायचं नाई तो हजार कायले करन? पण हे समजायले मले दोन दिवस लागले. आमची बुद्धी पह्यले वाकडीच चालते.

छायाले लावून दे म्हणलं. तिनं लावलं अन् तिथीच उभी राह्यली. जा म्हणलं तरी गेली नाई.

तुया फोन तुया तोंडाजवळ असन, म्हणून तूच जास्त ऐकू येतं. ढोलकी, अन् तुया श्वास. धनंजय दुरून, कापसातून. मंग दाराची कडी. मंग मी.

मागच्या पत्रात मी लिहिलं का गाठोडं मांगतलं, बस. मले खरंच तसंच आठवत होतं, का मी तसं आठवून घेतलं, ते मी आता सांगू शकत नाई. कार्डात मी म्हणते, “ऊठ त्याच्यावरून. देवाच्या वातीचा कापूस आहे तो. तुमच्या लोकायची जागा खाली आहे, खाली बस.” आवाजही चढवला नाई मी. भाजीले मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगतलं. मले सगळ्यात वाईट तेच वाटलं.

तू काही बोलला नाई, असं मी सात वर्षं समजून होती. चूप उतरला, गुणाचं पोट्टं आहे, असंही मी एकदा कोणाले बोलली असन. पण कार्डात तू बोलून राह्यला. एकदम हळू, ओठातल्या ओठात. मी बोलून राह्यली अन् माया आवाजाखाली तुयी जीभ चालून राह्यली. धा गे ना ती, ना के धी ना. धा गे ना ती, ना के धी ना. तू उठला, गाठोडं सरकवलं, फरशीवर बसला, ढोलकी फरशीवर टेकवली, ते सारं ऐकू येते. अन् जीभ कुठी अडकत नाई. सोळा झाल्या अन् तुयी थाप पडली.

मी बोलत होती अन् तू मोजत होता.

छाया म्हणे, “आई, पुसा हे. आपल्या पोराचं नाव जाईन.” तिनं बोटानं दाखवलंही का कुठी दाबायचं. मी तिले विचारलं, आपल्या पोराचं नाव कसं जाईन? बोलली तं मी. मंग तिनं बोट मांगं घेतलं. त्याच्यावरून मले समजलं. गाणं बाहेर आलं तेव्हा त्याच्यात माया आवाज नाई. दारापासून तुया माईक हातभर होता, माया आवाज त्याच्यात पडलाच असन. मंग तुया माईकातला तेवढा तुकडा कापला कोणी? गाणे जोडायले कॉम्प्युटरवर कोण बसलतं? डोळे मिटून गात होता म्हणे. कान तं मिटत नाई कोणी.

म्हणजे धनंजयले पह्यल्या दिवसापासून माहीत होतं. अन् माहीत असून तो खुर्चीवर बसून सांगते का अंकितचा हात थांबला. सात वर्षं मी तुयावर संशय घेत बसली अन् चोर माया ताटात जेवत होता. अन् चोराचा माल मायाच होता.

रविवारी सत्तर नाई, पन्नासेक माणसं आली. मंडप, सतरंजी, एक पोट्टा तुमच्या गाण्याचे शब्द छापलेले सदरे वाटून राह्यला. दुपारपर्यंत तेच चाललं. समीक्षाकडचे एकीकडं, प्रभाकररावाकडचे एकीकडं. एक यवतमाळचा म्हणे, ‘सरकी’च्या आधी विदर्भात असं वाजवणारं कोणी नव्हतं. दुसरा म्हणे, दंडारीच्या खेळात यायच्या आज्यानं वाजवलं तेच यायनं विजेवर वाजवलं. प्रभाकररावानं पुस्तकाचं ते पान वाचायले घेतलं. ‘तालाची बाजू लंगडी राहिली’ असं वाक्य होतं. मी उठली.

समीक्षाच्या हातात कार्ड दिलं. मोठ्या डब्यावर लाव म्हणलं. छाया आत निघून गेली.

लावलं. दाराची कडी, मंग मी. साऱ्यायनं माया तोंडाकडं पाह्यलं, मंग खाली पाह्यलं. प्रभाकररावानं विचारलं, “आजी, हा आवाज कोणाचा?” मी म्हणलं, मायाच आहे. शेतात नव्हती मी. खोटं बोलली. आता मले पाहू नका, त्याच्या जिभेकडं कान द्या.

दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा प्रभाकररावानं चष्मा काढला अन् मांडीवर बोटं धरले. सोळा मात्रा झाल्या अन् त्याचं बोट अन् तुयी थाप एकाच वेळी पडली. तो हळूच म्हणे, “मी चाळीस वर्षं शिकवलं. मला कोणी असं बोललं असतं तर मला माझं नाव आठवलं नसतं, मात्रा कुठल्या.” अन् ते पान त्यानं पुस्तकाच्या कागदायतून काढून घडी घालून खिशात ठेवलं. फाडलं नाई. घरी जाऊन फाडते का नाई कोणाले माहीत, म्हणून मी हात पुढं करून मांगून घेतलं. चुलीत टाकलं.

मंग त्यायचं परत सुरू झालं, बाप्पा. एक म्हणे हे आत्ताच्या आत्ता मंडळात टाकू. एक म्हणे गाण्यात परत जोडू, खरं गाणं हेच. एक बाई म्हणे आजीचं वय पाहा, जाऊ द्या. मी म्हणलं, वयाचं नाव काढू नका, बोलली तेव्हाही मी साठच्या वर होती, अक्कल यायले तेवढं वय पुरते. अन् हे टाकायचं का नाई ते अंकित ठरवन. तुमचं नाई हे, अन् मायंही नाई. समीक्षानं कार्ड काढून माया हातात दिलं. साऱ्यायचे फोन खाली ठेवले होते का नाई हे मी पाह्यलं नाई. एखाद्यानं भरलं असन. मले आता त्याचं काही वाटत नाई, पण तुले सांगतलेलं बरं.

संध्याकाळी धनंजयचा फोन. कोणीतरी कळवलंच. तो म्हणे, आजी, मी तुझ्यासाठी केलं होतं, तुझं नाव वाचवायले. मी म्हणलं, मायं नाव वाचवायले दुसऱ्याचं नाव लागत असन तं मले विचारून घ्याचं होतं. कॅमेऱ्यापुढं बसून हात थांबला म्हणला नं, आता त्याच कॅमेऱ्यापुढं बसून थांबवला कोणी ते सांग. त्यानं फोन कापला. दोन दिवस झाले, केला नाई. छाया ताट खरंच आपटते. मी जेवते.

एक आणखी आहे, ते तानाबाईले वाचून दाखवजो. तिले दिसत असलं तरी वाचता येत नाई, अन् तिच्यासमोर मायी जीभ चालणार नाई. सीतादहीचे पाच बोंडं मी वेचत होती, पूजेपुरते. बाकी सारी ओटी तानाबाई भरे. मी धुऱ्यावर बसून बोट दाखवे, हे झाड, ते झाड. त्या साली गाठोडेही तिनंच बांधलते, तिची गाठ वेगळी असते, डाव्या हाताची. म्हणजे देवापुढं वर्षभर जे जळत होतं ते तिच्या हातचंच. तिचा हात चालला अन् तिचा नातू चालला नाई. हे मले त्या दिवशीही माहीत होतं. समजलं नव्हतं असं मी म्हणणार नाई.

माफी मांगत नाई. मांगली तं तुले एक तं द्या लागन, नाईतर नाई म्हणा लागन, अन् दोन्ही काम तुयावर काऊन टाकू? तुयं काम तू तेव्हाच केलं, फरशीवर बसून.

कार्ड याच पाकिटात आहे. पुसलं नाई. लावायचं असन तं क्लासात लाव, पोरायले दाखव मात्रा कशा धरतात. मायबापायले दाखव. मले लपवू नको. विचारतीन ही बाई कोण, तं खाली लिहिलेलं वाचून दाखवजो, मायीच सही आहे, कोणाच्या हातची नाई.

तसं बोललेली,
भागीरथा महादेवराव उमाटे,
मु. पो. नाचणगाव, ता. देवळी, जि. वर्धा